मैफलीचा पियानोवादक होण्याविषयी: सांगली-मिरजेच्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सांगलीत पियानो शिकवताना जे प्रश्न मला पुनःपुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न पालकांचे आहेत; काही मात्र विद्यार्थ्यांनी वर्ग संपल्यावर, वडील बाहेर गाडी वळवत असताना, हळू आवाजात विचारलेले आहेत आणि तेच मला अधिक महत्त्वाचे वाटतात. येथे ‘पियानोवादक’ म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली करणारा कलावंत, एवढाच अर्थ घ्यावा. चित्रपटसंगीतात किंवा वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणाऱ्यांचे काम तितकेच आदराचे आहे. त्याचा मार्ग वेगळा असल्यामुळे त्याविषयी येथे लिहिलेले नाही.

मैफलीचा पियानोवादक नेमके काय करतो?

त्याच्या कामाचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्रकार एकल मैफलीचा. त्यात वादक एकटा, मध्यंतर धरून सुमारे दोन तास रंगमंचावर असतो. दुसरा प्रकार ‘कन्चेर्टो’चा, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासोबत एकल वादक म्हणून वाजवण्याचा. तिसरा प्रकार व्हायोलिन, चेलो किंवा गायन यांच्याबरोबर दोघा-चौघांनी मिळून वाजवण्याचा. त्याला आपल्याकडे सहज ‘साथ’ म्हटले जाते, परंतु संगीतकार ब्राम्सच्या व्हायोलिन सोनाटात (म्हणजे तीन-चार भागांच्या रचनेत) पियानोकडे जो भार असतो तो पाहता ‘साथ’ हा शब्द अपुरा पडतो.

एकट्या वादकाने संपूर्ण कार्यक्रम करण्याची पद्धत फार जुनी नाही. पियानोवादक व संगीतकार फ्रान्झ लिस्टने ती १८३९-४० च्या सुमारास रूढ केली. त्यापूर्वी एकाच संध्याकाळी गायक, वादक आणि वाद्यवृंद आळीपाळीने येत असत.

आपल्या श्रोत्यांना सर्वांत आधी पडणारा प्रश्न असा की, स्वर जर आधीच लिहून ठेवलेले असतील, तर वादकाचे स्वतःचे असे काय उरते? ख्यालगायक राग समोर बसून उलगडतो; पियानोवादकाला बीथोव्हेनने लिहिलेला एकही स्वर बदलता येत नाही. उरते ते काळाचे, वजनाचे आणि स्वराच्या रंगाचे काम. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना कॅनडाच्या ग्लेन गूल्डने १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली तेव्हा ती सुमारे ३८ मिनिटांत संपली. त्यानेच १९८१ मध्ये ती पुन्हा वाजवली तेव्हा ५१ मिनिटे लागली. तोच कागद, तोच वादक, परंतु मधल्या सव्वीस वर्षांत त्याचे ऐकणे बदलले होते. एकच बंदिश दोन घराण्यांत किती निराळी उभी राहते, हे ज्याने मिरजेच्या दर्ग्यातील उरुसाच्या मैफलीत बसून ऐकले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मैफल नसते त्या दिवशी वादक काय करतो?

रियाज करतो, प्रवास करतो, नवी रचना पाठ करतो आणि बहुतेक वेळ एकटा असतो. मोठ्या सभागृहांचे कार्यक्रम वर्ष-दोन वर्षे आधी ठरतात. त्यामुळे आज ज्या रचनेचे निमंत्रण आले, ती आपल्याला दीड वर्षानंतर कशी वाजवावीशी वाटेल, याचा अंदाज आजच बांधावा लागतो. रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉव्हचा तिसरा कन्चेर्टो रंगमंचावर सुमारे चाळीस मिनिटे चालतो, आणि त्या चाळीस मिनिटांमागे कित्येक महिन्यांचे असे काम असते जे कोणीही ऐकत नाही. मुलाला या क्षेत्रात पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी टाळ्यांचे दृश्य बाजूला ठेवून या न ऐकलेल्या महिन्यांचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगते. ज्या मुलाला बंद खोलीत एकाच ओळीशी अर्धा तास बसणे मनापासून आवडते, त्याच्याविषयी पुढचे बोलणे शक्य होते.

वादक स्वतःचा पियानो बरोबर नेतो का?

बहुधा नाही, आणि या व्यवसायातील ही फार मोठी अडचण आहे. मैफलीच्या मोठ्या ग्रँड पियानोची लांबी सुमारे २७४ सेंटिमीटर आणि वजन जवळजवळ ५०० किलो असते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून घेतलेली सतार कलावंत आयुष्यभर स्वतःच्या मांडीवर बाळगतो, तिची जवारी (तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासून केलेली जुळणी) स्वतःच्या कानाप्रमाणे काढून घेतो. पियानोवादकाला मात्र प्रत्येक गावी परक्या वाद्याशी दोन-तीन तासांत ओळख करून घ्यावी लागते. जवारीने जसा तारेचा नाद उघडा किंवा बंद होतो, तसाच पियानोतील हातोड्यांचा नमदा सुयांनी सैल केला की नाद मऊ होतो आणि घट्ट राहिला की धारदार होतो. हे काम सभागृहाचा तंत्रज्ञ करतो. चांगला वादक त्याच्याशी नीट बोलायला शिकतो.

याला अपवाद आहेत. व्लादिमिर होरोविट्झ आपला पियानो बरोबर नेत असे आणि क्रिस्तियान झिमरमनही नेतो. मला स्वतःला अधिक भावते ते सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरचे उदाहरण. १९८६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याने सायबेरियातून अनेक महिन्यांचा दौरा केला आणि ज्या छोट्या गावांत धड सभागृहही नव्हते तेथे जाऊन वाजवले. जगातील कोणतेही सभागृह त्याला सहज मिळाले असते. लहान गावच्या श्रोत्याला अर्धवट काही चालेल असे त्याने मानले नाही, ही गोष्ट सांगलीत राहणाऱ्या आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

शिकायला कोणत्या वयात सुरुवात करावी? माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. उशीर झाला का?

मैफलीच्या दर्जाला पोहोचलेल्या बहुतेक वादकांनी पाच ते आठ या वयात सुरुवात केलेली असते, हे खरे आहे. जर्मन पियानोवादक क्लारा शूमान १८२८ मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात प्रथम वाजवायला बसली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उलट बाजूची उदाहरणे पालक माझ्यापुढे ठेवतात: रिख्टर मॉस्कोच्या संगीतविद्यालयात दाखल झाला तो बाविसाव्या वर्षी, आणि पोलंडचा पियानोवादक पादेरेव्स्की व्हिएन्नाच्या प्रसिद्ध गुरूकडे गेला तो चोविसाव्या वर्षी. परंतु ती उदाहरणे नीट वाचावीत. दोघेही लहानपणापासून वाजवत होते. उशिरा मिळाला तो मोठा गुरू.

तेराव्या वर्षी प्रथमच सुरुवात करणाऱ्या मुलाला आंतरराष्ट्रीय मैफलींचे स्वप्न दाखवणे मला प्रामाणिक वाटत नाही. तो उत्तम वाजवू शकेल, शिकवू शकेल, संगीतरचना करू शकेल. त्याने यावे, मी त्याला तितक्याच काळजीने शिकवते.

हात लहान असतील तर?

आठ पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे एका सप्तकाचे अंतर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते, आणि तेवढा ताण हाताला त्रास न होता देता आला पाहिजे. त्यापुढे हाताच्या आकारापेक्षा त्याची मोकळीक महत्त्वाची ठरते. स्पेनची अलिसिया दे लारोचा पाच फुटांपेक्षाही ठेंगणी होती, तरी तिने मोठमोठे कन्चेर्टो वाजवले. रचना मात्र हात पाहून निवडाव्यात. रॅखमॅनिनॉव्हचा पंजा असामान्य मोठा होता आणि त्याने लिहिलेही त्याच हातासाठी.

दररोज किती रियाज करावा?

सात वर्षांच्या मुलाने दररोज वीस ते तीस मिनिटे, दहाव्या वर्षी एक तास, आणि पुढे या मार्गाने जायचे ठरल्यावर चौदा-पंधराव्या वर्षापासून तीन ते चार तास. व्यावसायिक वादक चार-पाच तासांपेक्षा फार पुढे सहसा जात नाहीत, कारण त्यानंतर कान थकतो आणि हात चुका पाठ करू लागतो. पियानोवादक व संगीतकार शोपाँ आपल्या शिष्यांना दिवसाला तीन तासांपेक्षा अधिक रियाज करू नका असे सांगत असे, आणि त्याचा सल्ला मला आजही योग्य वाटतो.

तासांपेक्षा मी रियाजाची रीत पाहते. संपूर्ण रचना वरपासून खालपर्यंत तीनदा वाजवली म्हणजे रियाज झाला, असे बहुतेक मुलांना वाटते. चुकणारे दोन मात्राखंड वेगळे काढावेत, निम्म्या लयीत एकेका हाताने वाजवावेत, नंतर दोन्ही हात जोडावेत, आणि बरोबर झाल्यावर आणखी काही वेळा वाजवून मगच उठावे. घरच्यांनी एवढेच करावे की त्या वेळेत दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि ‘तेच तेच काय वाजवतोस’ असे म्हणू नये. मुलाने रियाज सोडण्याचे कारण अनेकदा हे एक वाक्यच असते.

घरी कीबोर्ड आहे, तो चालेल का? पियानो घ्यायचा झाला तर सांगलीच्या हवेत तो टिकेल का?

पहिले सहा महिने कोणतेही पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचे वाद्य चालते. त्यानंतर ८८ पट्ट्यांचा आणि वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो हे किमान साधन आहे. खऱ्या पियानोची पट्टी खाली जाण्यासाठी साधारण ५० ग्रॅमचा भार लागतो, आणि आपण दाबलेली पट्टी हातोडीला तारेपर्यंत नेऊन ठेवत नाही. ती हातोडीला फेकते, आणि अखेरचे थोडे अंतर हातोडी मोकळी उडते. स्वराचा लहानमोठेपणा त्या फेकीच्या वेगात असतो. हलक्या कीबोर्डवर बोटांना ही फेक शिकताच येत नाही. मी स्वतः पहिली चार वर्षे अशाच हलक्या कीबोर्डवर शिकले. पुण्याला परीक्षेसाठी गेले तेव्हा तेथील पियानोवर पहिली ओळ वाजवली आणि निम्मे स्वर उमटलेच नाहीत. परीक्षकांनी मला पुन्हा सुरुवात करू दिली, पण मी त्या खोलीतून बाहेर आले ती वाद्याविषयीचे सगळे समज बदलूनच. माझ्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून या उत्तराला इतकी जागा देत आहे.

खरा पियानो घेणार असाल तर हवेचा विचार करा. पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. तो ताण ओतीव लोखंडी चौकट सांभाळते, परंतु नाद देणारा फलक लाकडाचा असतो आणि लाकूड हवा पिते. वैशाखातील कोरडी झळ आणि आषाढातील ओल यांमध्ये तो फलक आकसतो व फुगतो, आणि त्याबरोबर स्वर उतरतात व चढतात. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. ते नेहमी जमत नाही, परंतु पियानो पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीखाली ठेवू नये, एवढे तरी प्रत्येक घरात जमते. वाळवी आणि उंदीर यांच्याइतकीच कसरीची भीती असते, कारण हातोड्यांचा नमदा लोकरीचा असतो. वर्षातून दोनदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, वाद्य सुरात लावून घ्यावे. त्यासाठी ट्यूनर पुण्या-मुंबईहून बोलवावा लागतो, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून एकच दिवस ठरवला की प्रवासखर्च वाटला जातो.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांसाठी एक सूचना आहे, आणि ती मी मनापासून करते. उभा पियानोही दोनशे किलोंच्या पुढे असतो आणि कृष्णेचे पाणी चढू लागल्यावर तो वरच्या मजल्यावर नेणे कोणाच्याही हातात राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण सर्वांनी पाहिले आहेत. पाण्यात बुडालेल्या पियानोचे सांधे सुटतात, नमदा कुजतो, तारा गंजतात, आणि तो पूर्ववत होत नाही. तळमजल्यावर राहत असाल तर डिजिटल पियानो घ्या. तो दोन माणसे उचलून नेऊ शकतात.

मुलगी पेटी आणि गाणे शिकते. पियानोने तिचा सूर बिघडेल का?

हा प्रश्न मिरजेचे पालक हमखास विचारतात, आणि तो अत्यंत योग्य प्रश्न आहे. तंबोरा नीट मिळवला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. सेंट म्हणजे सप्तकाचे १२०० समान भाग केल्यावर येणारा एक भाग. पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तेथला गंधार नेमका ४०० सेंटवर येतो, म्हणजे स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट चढा. पंचमातला फरक मात्र केवळ दोन सेंटचा आहे. तयार कानाच्या मुलीला पियानोचा गंधार पहिल्या दिवशी टोचतो, आणि तसा टोचणे हे चांगले लक्षण आहे.

ही तडजोड कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. पियानोची एकच रचना मध्येच षड्ज बदलते, पुन्हा बदलते आणि परत येते. स्वर शुद्ध ठेवले तर एका षड्जात गोड लागणारे वाद्य दुसऱ्यात बेसूर होईल. म्हणून प्रत्येक षड्जात थोडी अशुद्धता मान्य करून सर्व षड्ज खुले केले गेले. आपल्याकडे पेटीवर घेतला गेलेला मुख्य आक्षेप हाच होता, आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला होता. या वादात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीच्या साहाय्याने बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांचा, अभ्यास केला आणि त्यातून त्या श्रुती वाजवणाऱ्या श्रुतिपेटीचा प्रयत्न झाला.

माझा अनुभव असा की, दोन्ही कान शेजारी शेजारी वाढू शकतात, जसे एखादे मूल घरी मराठी आणि आजोळी कानडी बोलते. अट एकच: गाण्याचा रियाज तंबोऱ्यावर करावा, पियानोवर करू नये. आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे) काढण्याची इच्छा पियानोकडून पुरी होणार नाही, हे तिला आधीच सांगावे. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरत जातो. त्या विरण्यातून सलगतेचा भास निर्माण करणे हीच या वाद्याची गायकी आहे.

ग्रेडच्या सर्व परीक्षा दिल्या म्हणजे मुलगा मैफलीचा वादक होईल का?

होणार नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि असोसिएटेड बोर्डाच्या आठ ग्रेड आपल्याकडे प्रचलित आहेत, आणि त्यांचा उपयोग निश्चित आहे: अभ्यासाला क्रम मिळतो आणि स्वरलिपी पाहताक्षणी वाजवण्याची सवय लागते. परंतु मिरजेत कार्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ मिळाली म्हणून कोणी सवाई गंधर्व महोत्सवात गात नाही, हे आपण जाणतो. तीच गोष्ट येथेही आहे. आठवी ग्रेड म्हणजे व्यावसायिक शिक्षणाच्या उंबरठ्यावर पोहोचणे होय. वर्षभर परीक्षेच्या तीनच रचना घोटत राहणारे मूल आठव्या ग्रेडला पोहोचते तेव्हा त्याने जेमतेम पंचवीस रचना वाजवलेल्या असतात. त्याच वयाच्या युरोपातील विद्यार्थ्याने बाखचे प्रेल्यूड-फ्यूग, हायडन-मोझार्टचे सोनाटा आणि शोपाँच्या एट्यूड (तंत्र घडवणाऱ्या सरावरचना) धरून त्याच्या अनेक पट वाजवलेले असते. म्हणून मी काही विद्यार्थ्यांना एक-दोन ग्रेड वगळायला सांगते. त्याने पालकांची निराशा होते, हे मला ठाऊक आहे.

पुढील शिक्षण कोठे घ्यावे?

सांगलीत पाया घालता येतो. आठवी-नववीच्या सुमारास मुंबई किंवा पुण्याच्या ज्येष्ठ शिक्षकांकडे महिन्यातून दोनदा जाणे सुरू करावे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी शिकवणी घेऊन परतणारी मुले आपल्याकडे आहेत. बारावीनंतर चेन्नईचे, २००८ मध्ये सुरू झालेले केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हा देशातील एक पर्याय आहे. मैफलीचा व्यवसायच करायचा असेल तर मात्र परदेशी जावे लागते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची शिकवणी फी माफ असते, पण जागा अगदी थोड्या असतात. जर्मनीतील सरकारी संगीत विद्यापीठांत फी नसते किंवा अल्प असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. तेथे जर्मन भाषा यावी लागते आणि राहण्याचा खर्च स्वतःचा असतो.

प्रवेशपरीक्षा गुणपत्रिकेवर होत नाही. बाख, एक अभिजात सोनाटा, एट्यूड आणि एक मोठी रचना एवढे पाठ वाजवावे लागते, आणि अनेकदा पहिल्या दहा मिनिटांतच निर्णय होतो.

स्पर्धा जिंकणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, परंतु अनोळखी वादकाला व्यवस्थापक आणि सभागृहे मिळवून देणारा दुसरा सोपा रस्ताही नाही. वॉर्साची शोपाँ स्पर्धा १९२७ पासून, साधारणतः दर पाच वर्षांनी होते. टेक्सासमधील फोर्ट वर्थची क्लायबर्न स्पर्धा १९६२ पासून चालू आहे. तेथे २०२२ मध्ये दक्षिण कोरियाचा यून्चान लिम अठराव्या वर्षी पहिला आला, आणि तोपर्यंतचे त्याचे शिक्षण त्याच्या स्वतःच्या देशातच झाले होते. आशियातील पालकांनी याची नोंद घ्यावी. कोरियाने दोन पिढ्यांत शिक्षक घडवले म्हणून हे शक्य झाले.

स्पर्धेचा निकाल अंतिम मानू नये. १९८० च्या शोपाँ स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही, तेव्हा १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच परीक्षकपद सोडून निघून गेली. पोगोरेलिचची कीर्ती त्या हरण्यातूनच जगभर पसरली.

यातून पोट भरते का?

केवळ मैफलींवर जगणारे वादक जगभरात थोडे आहेत. बाकीचे शिकवतात, गायकांना व वादकांना साथ करतात, नृत्यशाळांत वाजवतात, ध्वनिमुद्रणे करतात. हे कमीपणाचे आहे असे वाटण्याचे कारण नाही: शोपाँने आयुष्यभरात ३० च्या आसपास जाहीर मैफली केल्या आणि पॅरिसमध्ये त्याचे घर चालले ते मुख्यतः शिकवण्यांवर. मानधनातून व्यवस्थापकाचा हिस्सा, प्रवास आणि मुक्काम वजा होतो, आणि तारीख रद्द झाली तर अनेकदा काहीच मिळत नाही. मुलाच्या नावावर कर्ज काढून त्याला परदेशी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाच्या हप्त्याखाली वाजवणाऱ्याला जी निमंत्रणे नाकारायला हवीत ती नाकारता येत नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली तर पाठवावे, न मिळाल्यास एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी.

पाठ वाजवावेच लागते का? मध्येच विसरले तर?

एकल मैफलीत आणि कन्चेर्टोत पाठ वाजवण्याचा संकेत आहे. तो रूढ करण्यात क्लारा शूमान आणि लिस्ट यांचा मोठा वाटा होता, आणि सुरुवातीला क्लारावर त्याबद्दल उद्धटपणाची टीकाही झाली. रिख्टर उतारवयात कागद समोर ठेवून, सभागृहात अंधार करून, केवळ कागदावरच्या दिव्याच्या उजेडात वाजवत असे. रंगमंचावरचा ताण थोरांनाही सुटलेला नाही. होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षे मैफलींपासून दूर राहिला आणि १९६५ मध्ये कार्नेगी हॉलला परतला. आर्गेरिचने एकल मैफली जवळजवळ सोडून दिल्या आणि इतरांसोबत वाजवणे पत्करले.

पोर्तुगालची मारिया जुआव पिरिश ॲम्स्टरडॅमच्या एका दुपारच्या मैफलीत बसली असता वाद्यवृंदाने तिच्या तयारीत नसलेलाच मोझार्टचा कन्चेर्टो सुरू केला. तिच्या चेहऱ्यावरची घालमेल चित्रफितीत दिसते; संचालक तिला वाजवता वाजवताच धीर देतो, आणि आपला प्रवेश येईपर्यंतच्या दोन-अडीच मिनिटांत ती ती रचना स्मरणातून बाहेर काढते. मी ही चित्रफीत प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवते. बोटांनी पाठ केलेले अशा वेळी उपयोगी पडत नाही. रचनेचा आराखडा, स्वरसंगती, कोणत्या वळणावरून कोठे जायचे आहे, हे कानात असावे लागते. त्यासाठी मी मुलांना पियानोपासून दूर, डोळे मिटून, रचना मनात शेवटपर्यंत ऐकायला सांगते. पहिल्यांदा बहुतेक जण आठव्या ओळीवर अडतात.

हात दुखत असेल तर रियाज चालू ठेवावा का?

ठेवू नये. लगेच थांबवावा आणि दोन-तीन दिवसांत न थांबणारे दुखणे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. दुखणे सोसणे म्हणजे साधना, ही समजूत अतिशय घातक आहे. क्लाराचा पती, संगीतकार रॉबर्ट शूमान याच्या उजव्या हाताचे बोट ऐन उमेदीत निकामी झाले आणि त्याची वादक म्हणून कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. अमेरिकेच्या लिऑन फ्लायशरची उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात आपोआप मुडपू लागली. तीस वर्षे त्याने केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, शिकवले, वाद्यवृंदाचे संचालन केले, आणि उपचारांनंतर दोन्ही हातांनी परतला. डाव्या हातासाठीचा राव्हेलचा कन्चेर्टो त्याला वाजवता आला, कारण पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल व्हिट्गेनश्टाइनने तो आधीच लिहवून घेतला होता.

मुलीला या क्षेत्रात पाठवावे का? लग्नानंतर हे चालू राहील का?

क्लारा शूमानला आठ मुले झाली. पती आजारी पडून १८५६ मध्ये वारल्यानंतर तिने मैफलींचे दौरे करून घर चालवले, आणि तिची अखेरची जाहीर मैफल १८९१ मधली, म्हणजे पहिल्या मैफलीनंतर साठहून अधिक वर्षांनी झालेली आहे. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी तो मुलाच्या बाबतीतही विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सांगलीत राहून चांगला पियानो ऐकायचा कोठे?

ध्वनिमुद्रणे आज सर्वांना उपलब्ध आहेत, परंतु वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावे. मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात पियानोच्या मैफली होतात, आणि तेथेच २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वर्षातून ठरावीक हंगामांत वाजवतो. पुण्यात माझदा हॉलमध्ये छोट्या मैफली होतात. तेथे मूल वादकाच्या हातांपासून काही फुटांवर बसू शकते, आणि मोठ्या सभागृहापेक्षा मी तेच आधी सुचवते. जाण्यापूर्वी कार्यक्रमातील एक तरी रचना घरी आठ-दहा वेळा ऐकून जावे.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावे?

काहीही विकत घेऊन येऊ नये. वाद्य कोणते घ्यायचे ते भेटीनंतर ठरवू. मुलाला आवडणारे कोणतेही एक गाणे त्याला म्हणता यावे, ते भजन असो वा शाळेतील प्रार्थना, एवढे पुरे. मी त्याला सूर देऊन म्हणायला लावते, टाळी देऊन लय पाहते आणि दहा मिनिटे पियानोजवळ मोकळे सोडते. या दहा मिनिटांत पालकांनी सूचना देऊ नयेत. बोटांची नखे मात्र कापलेली असावीत, कारण लांब नखांनी बोट पट्टीवर नीट टेकत नाही.